डिझाइन तंतोतंत हवं, पण कशाशी?

वेबसाइट बनवणाऱ्या लोकांमध्ये एक जुनं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. डिझायनर म्हणतो मी फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जे दाखवलंय ते स्क्रीनवर जसंच्या तसं आलं पाहिजे, एक पिक्सेल इकडे नको की तिकडे नको. ते चित्र कोड लिहून प्रत्यक्ष पानात उतरवणारा फ्रंटएंडवाला म्हणतो अरे बाबा वेब असं चालत नाही, प्रत्येकाचा फोन वेगळा, ब्राउझर वेगळा, कोणी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात कोणी बारीक, स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे वेबच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे, बांधलं तर ते थोडं हलणारच. बाहेरच्या माणसाला वाटतं यांचं यांनी बघून घ्यावं. पण या भांडणाचा निकाल ज्याच्या अंगावर येतो तो माणूस त्या मीटिंगमध्ये कधीच नसतो, तो कुठेतरी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत असतो, वीजबिल भरत असतो, आईच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायच्या मागे असतो. सरकारी योजना, बँक, कॉलेजचे प्रवेश, दवाखान्याची अपॉइंटमेंट सगळंच आता स्क्रीनवर गेलंय, त्यामुळे हे दोन कारागिरांचं आपसातलं राहिलेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. तंतोतंतपणा हवाच. ज्या डिझायनरला दोन पिक्सेल खटकतात त्याच्याबरोबर काम करायला मला आवडतं, कारण ज्याला काहीच खटकत नाही त्याच्या हातून चांगलं काम होत नाही. घोडं अडतं ते कशाशी तंतोतंत या प्रश्नावर. आज आपण पान जुळवतो ते एका चित्राशी, आणि ते चित्र एकाच रुंदीचं, एकाच फॉन्टमधलं आणि बहुतेक वेळा इंग्रजी मजकुराचं असतं. जुळवायला हवं त्या चित्रामागच्या विचाराशी, म्हणजे नजर आधी कुठे जावी, काय कशाच्या जवळ असावं, कुठे मोकळं सोडावं, कुठलं बटण महत्त्वाचं आणि कुठलं दुय्यम. आणि जिथे चित्र आणि वाचणाऱ्याची गरज यांची टक्कर होईल तिथे वाचणाऱ्याची गरज आधी, मग ते चित्र कितीही सुंदर असो.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. होकन विउम ली यांनी १९९४ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत असताना सीएसएसची, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेची, कल्पना मांडली तेव्हाच त्यात हे होतं की पान कसं दिसावं यात बनवणाऱ्याचं म्हणणं चालेल तसं वाचणाऱ्याचंही चालेल, आणि दोघांचे नियम एकत्र करून ब्राउझर ठरवेल. डिसेंबर १९९६ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस म्हणून काढली. पण तेव्हाचे ब्राउझर ती धड पाळत नव्हते आणि क्लायंटला तर पान छापील कॅटलॉगसारखं हवं होतं, मग लोकांनी पळवाट काढली, आकडेवारीसाठी असलेलं टेबल घेतलं आणि त्याच्या खणांमध्ये अख्खं पान कापून बसवलं, मधली अंतरं राखायला एक पिक्सेलची पारदर्शक जिफ फाइल ताणून ताणून घातली. दिसायला पान अगदी चित्राबरहुकूम. आतून मात्र स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणाऱ्याला खणामागून खण, कुठलं वाक्य कुठल्या कॉलममधलं पत्ता लागत नाही. १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट सुरू झाला तो याच कारणासाठी, नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या ब्राउझर बनवणाऱ्या दोघांनी ठरलेले नियम पाळावेत म्हणून दबाव आणायला. २००० साली जॉन ऑलसॉप यांनी लिहिलं की कागदावर जो ताबा मिळतो तो वेबवर शोधू नका, वेबचं लवचिक असणं हीच त्याची ताकद आहे. २०१० मध्ये इथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे स्क्रीनप्रमाणे जुळवून घेणारं पान, हा शब्द रूढ केला. म्हणजे बोलून झालंय, लिहून झालंय, ब्राउझरही सुधारलेत, तरी आजही पान तपासायची पद्धत काय तर डिझाइनचा स्क्रीनशॉट अर्धा पारदर्शक करून चालू पानावर ठेवायचा आणि कुठे सरकलंय ते बघायचं!

आता हा पिक्सेल तरी केवढा पक्का आहे ते बघा. सीएसएसमधला पिक्सेल आणि काचेवरचा खरा ठिपका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही फोनवर एका सीएसएस पिक्सेलमागे २.६२५ ठिपके येतात, आता एक पिक्सेलची रेघ २.६२५ ठिपक्यांत कशी काढणार, ब्राउझर ती दोन ठिपक्यांवर आणतो आणि पुढे जातो. तेच अक्षर मॅकवर थोडं जाड दिसतं, विंडोजवर थोडं बारीक दिसतं, कारण दोन्हीकडे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची रीत वेगळी आहे. मॉकअप, म्हणजे डिझायनरचं चित्र, ३९० पिक्सेल रुंदीचा असतो आणि हातातला स्वस्त अँड्रॉइड ३६० चा. आणि समजा पानाबरोबर नेटवरून येणारा वेबफॉन्ट उतरलाच नाही तर विंडोजवर मजकूर निर्मलामध्ये दिसेल, ॲपलवर कोहिनूरमध्ये, अँड्रॉइडवर नोटोमध्ये, तिघांची रुंदी वेगळी, उंची वेगळी. ही कोणाची चूक नाही, माध्यमच असं आहे, आणि या माध्यमात काम करायचं तर या गोष्टी चित्र काढतानाच गृहीत धरायला हव्यात.

मराठीत तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्याकडची बहुतेक डिझाइनं आधी इंग्रजीत होतात, मंजुरीही इंग्रजी स्क्रीनवर मिळते आणि मराठी नंतर ओतली जाते. एक बटण घ्या. इंग्रजीत त्यावर स्टार्ट लिहिलेलं होतं, सोळा पिक्सेलचं अक्षर, लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.१ पट, एका ओळीत बसलं नाही तर तीन टिंबं यावीत म्हणून ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेरचं कापून टाकणारा नियम. इंग्रजीत देखणं दिसतं, मजकूर बरोब्बर मध्यावर. त्याच चौकटीत मराठी घातलं, "सुरू करा". लॅटिन अक्षराला खाली जेवढी जागा लागते त्यापेक्षा देवनागरीच्या उकाराला जास्त लागते, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांनाही लागते, आणि चौकट तर १७.६ पिक्सेलची. मग उकार चौकटीबाहेर जातात आणि कापले जातात. स्क्रीनवर उरतं "सरू करा". "पुढे" चं "पढे" होतं, "कृपया" मधला ऋकार निम्मा गायब होतो. स्क्रीनशॉटशी ताडून बघणाऱ्याला यात काहीच चूक दिसत नाही कारण बटणाची उंची मॉकअपप्रमाणेच आहे, कोपऱ्यांची गोलाई बरोबर आहे, रंग बरोबर आहे. चुकलंय फक्त ते जे वाचायचं होतं.

लेटर-स्पेसिंगचंही तेच. इंग्रजी शीर्षकात अक्षरं थोडी लांब लांब ठेवली की ऐटदार दिसतात, म्हणून फिग्मात पाच टक्के दिलेलं असतं, तेच मूल्य मराठी शीर्षकाला लागलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षराशी तुटते आणि एक शब्द म्हणून डोळा जे पकडतो ते सुटं सुटं होतं. शिरोरेषा हा देवनागरीचा कणा आहे, ती तुटलेली बघून ज्याला त्रास होत नाही त्याने मराठी पानाला मंजुरी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे उपाय अवघड नाहीये, भाषेनुसार नियम वेगळे लिहिता येतात, मराठीसाठी लेटर-स्पेसिंग शून्य आणि लाइन-हाइट १.६ च्या आसपास, उंची ठोकून न बसवता आतल्या मजकुराप्रमाणे वाढू द्यायची आणि वरखाली पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्यायचं. बटण इंग्रजीपेक्षा आठेक पिक्सेल उंच होईल. होऊ दे की.

आणि स्टँडर्ड म्हणजे देखणेपणाशी तडजोड असं जे मानलं जातं ते मला पटत नाही, त्याचं एक छोटं उदाहरण सांगतो. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा ज्यात लिहितात त्यात, पानाची भाषा सांगायची सोय आहे, मराठीसाठी एमआर अशी दोन अक्षरं लिहायची. कितीतरी मराठी साइटवर तिथे इंग्रजीचीच खूण राहिलेली असते कारण टेम्प्लेट तसंच उचललेलं. ती दोन अक्षरं बरोबर लिहिली तर ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली आहे तिथे ल आणि श ही अक्षरं मराठी वळणाची येतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. आपल्याकडे अंकलिपीत शिकलेला ल कसा असतो आणि हिंदी पुस्तकातला कसा असतो हे कोणाही मराठी माणसाला बघताक्षणी कळतं. स्क्रीन रीडरलाही त्याच खुणेवरून समजतं की हा मजकूर मराठी आवाजात वाचायचाय. म्हणजे एका ओळीत डिझायनरला हवा असलेला अक्षराचा काटेकोरपणाही मिळाला आणि न बघता ऐकणाऱ्यालाही पान मिळालं. स्क्रीनशॉट शेजारी ठेवून हे कधीच सापडणार नाही.

हुबेहूब दिसण्याच्या हट्टाची किंमत मराठीने एकदा मोजलेली आहे, आणि चांगलीच मोठी मोजलीय. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट उघडल्या की आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, अर्धा क एका कळीवर, काना दुसरीवर, पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते म्हणून व्यंजनाच्या आधीच साठवलेली. दिसायला पान अगदी छापील अंकासारखं. पण कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होती. दुसऱ्या मशीनवर उघडलं की कचरा, सर्च इंजिनला सापडणं अशक्य, वाचून दाखवणं अशक्य. देवनागरी तर १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून होती, त्यात मराठीला जागा होती, पण बरीच वर्षं आपण दिसण्यासाठी मजकूर गहाण टाकला. त्या काळातले कितीतरी अग्रलेख, मुलाखती, बातम्या आज शोधून सापडत नाहीत ते त्यामुळेच. अजूनही एखाद्या सरकारी पीडीएफमधून परिच्छेद कॉपी करून बघा, चिकटवल्यावर जे येतं ते कुठल्याच भाषेतलं नसतं.

म्हणून जेव्हा एखादा अधिकारी किंवा मार्केटिंगवाला म्हणतो की मराठी अक्षरं नीट बसत नाहीत, तुम्ही त्याची इमेजच टाका, तेव्हा मला राग येतो. सूचना इमेजमध्ये, अंतिम तारीख इमेजमध्ये, पात्रतेच्या अटी इमेजमध्ये. मोठं करायला जावं तर फाटतं, शोधता येत नाही, अंध माणसाला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. सिडनीच्या ऑलिम्पिकच्या आधी, १९९९ मध्ये, ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने त्या ऑलिम्पिकच्या साइटबद्दल याच मुद्द्यावर तक्रार केली होती, चित्रांना पर्यायी मजकूर नाही, निकालांची पानं वाचता येत नाहीत, आणि २००० साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने त्याच्या बाजूने निर्णय दिला, आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला लागली. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही.

आता दुसरी बाजू, कारण डेव्हलपर मंडळींनाही मी सोडणार नाही. स्टँडर्ड हा शब्द आळस झाकायला सर्रास वापरला जातो. डिझायनरने ६०० वजनाचा, म्हणजे थोडा जाड, फॉन्ट सांगितला, याने फाइल जोडलीच नाही, ब्राउझरने खोटा जाड केला आणि हा सांगतो वेबवर असंच दिसतं. लेबल आणि त्याचा रकाना जवळ हवेत, दोन रकान्यांमध्ये जास्त अंतर हवं, याने सगळीकडे सारखंच सोळा टाकलं, आता कुठलं लेबल कुठल्या रकान्याचं कळत नाही आणि विचारलं तर रिस्पॉन्सिव्ह आहे म्हणे. हे वेबचं स्वरूप नाही, हे पाट्या टाकणं आहे. २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींमध्ये मांडणीसाठी सीएसएस ग्रिड आलं, त्यानंतर आकाराला कमाल-किमान मर्यादा घालणारं क्लॅम्प आलं, २०२३ पर्यंत चौकटीच्या आकाराप्रमाणे नियम बदलणाऱ्या कंटेनर क्वेरी सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आल्या, त्यामुळे प्रमाण, रांग, अंतर यातलं फारसं काही आता अशक्य राहिलेलं नाही. ज्या गोष्टी बरोब्बर करता येतात त्या बरोब्बरच केल्या पाहिजेत, तेव्हाच ज्या होत नाहीत त्याबद्दल डिझायनर आपल्यावर विश्वास ठेवेल. डिझायनरला प्रत्येक वेळी नाहीच ऐकायला मिळालं की तो पुढच्या खेपेला आणखी ताठ होतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं.

त्याचा काटेकोरपणा कुठून येतो तेही समजून घ्यायला हवं. आपल्याकडचं उपयोजित कलेचं शिक्षण छपाईच्या परंपरेतून आलंय, पोस्टर, पॅकेजिंग, पुस्तकाचं मुखपृष्ठ, तिथे कागदाचा आकार ठरलेला, शाई ठरलेली, एकदा प्लेट बनली की पन्नास हजार प्रती सारख्या. र. कृ. जोशी तर त्याच जगातले, जाहिरात आणि सुलेखन यात आयुष्य घालवलेले, पण विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांनी केला. अक्षराच्या वळणाबद्दल त्यांच्याइतका आग्रही माणूस विरळा, आणि तरीही स्क्रीनवर, कमी ठिपक्यांत, कोणत्याही आकारात ते अक्षर वाचता यावं हे बंधन त्यांनी पत्करलं. मला आदर्श वाटतो तो काटेकोरपणा हा, माध्यम ओळखून त्याच्या आत केलेला.

सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं तर फॉर्ममध्ये, आणि त्यातही साध्या ड्रॉपडाऊनमध्ये. जिल्हा निवडा, छत्तीस जिल्ह्यांची यादी. एचटीएमएलचा सिलेक्ट, म्हणजे तयार ड्रॉपडाऊन, वापरला तर काय काय फुकट मिळतं बघा: टॅब दाबून तिथे जाता येतं, बाणाने खालीवर करता येतं, मराठी कीबोर्डवर "स" दाबलं की सरळ सांगली, सातारा, सिंधुदुर्ग या टापूत, फोनवर फोनची स्वतःची यादी उघडते आणि वापरणाऱ्याने अक्षर मोठं ठेवलं असेल तर त्याच मोठ्या अक्षरात उघडते, अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर टॉकबॅक सांगतो की ही यादी आहे, अमुक निवडलंय. पण सिलेक्टचा उघडलेला भाग बरीच वर्षं हवा तसा रंगवता येत नव्हता, म्हणून मॉकअपमधली गोल कोपऱ्यांची सावलीवाली यादी हवी तर डिव्हवर डिव्ह, म्हणजे नुसत्या कोऱ्या चौकटी, रचून बनावट ड्रॉपडाऊन करायचा. दिसतो अगदी चित्रासारखा. कीबोर्डने उघडत नाही, स्क्रीन रीडरला तो आहे हेच माहीत नाही, लहान फोनवर यादी स्क्रीनखाली जाते आणि स्क्रोल केलं तर मागचं पान सरकतं. सोलापूरचा माणूस यादीच्या तळाशी पोचूच शकत नाही! हा दोष तपासणीत निघतही नाही कारण तपासणारा माउसने उघडतो, पहिलं नाव निवडतो आणि पुढे जातो.

इथे मी डिझायनरला स्पष्ट नाही म्हणेन. नेहमीचा सिलेक्ट ठेवा, बंद अवस्थेतली चौकट हवी तेवढी नटवा, उघडल्यावर तो कसा दिसेल हे फोनवर सोडा. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, थोडं थांबलं की स्टँडर्डही डिझायनरकडे चालत येतं. २०२५ मध्ये क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीपासून खऱ्या सिलेक्टची उघडलेली यादीसुद्धा सीएसएसने सजवता येते, ज्या ब्राउझरला ते येत नाही तिथे साधा सिलेक्ट दिसतो, काही बिघडत नाही. बनावट ड्रॉपडाऊनवर ज्यांनी वर्षानुवर्षं तास घातले त्यांचं ते काम आता काढून टाकायचं काम झालंय.

रंगाचंही एक सांगितलं पाहिजे. पांढऱ्यावर फिकट करडं, बारीक वजनाचं अक्षर हे सध्या शोभिवंत मानलं जातं. ९९९९९९ हा करडा रंग पांढऱ्यावर २.८५ ला एक एवढाच उठाव देतो, डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला एक सांगितलाय. ७६७६७६ घेतलं की ती अट पुरी होते आणि तोही करडाच आहे, डिझायनरच्या मनातला शांतपणा जात नाही. एसी ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर दोन्हीत फार फरक वाटणार नाही, पण दुपारी दोन वाजता तहसील कार्यालयाबाहेर रांगेत उभं राहून, तडा गेलेल्या स्क्रीनवर जो वाचतोय त्याला हा फरक कळतो.

क्लायंट यावर म्हणतात की आमचे ग्राहक तसे नाहीत. तसे म्हणजे कसे? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी लोकांची अपंग म्हणून नोंद झाली होती, आणि चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागणारे, हात थरथरणारे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले यांची तर कुठेच वेगळी नोंद नाही. अक्षर मोठं करून फोन वापरणारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्याने मूळ अक्षर मोठं केलेलं असतं, रेममध्ये, म्हणजे मूळ अक्षराच्या पटीत, लिहिलेला मजकूर त्याप्रमाणे वाढतो, पिक्सेलमध्ये ठोकलेला तसाच बारीक राहतो. कोणाच्या मॉकअपशी जुळावं म्हणून त्याने स्वतः केलेली सोय आपण काढून घ्यायची हे मला साफ चुकीचं वाटतं.

आणि आता हा नुसता चांगुलपणाचा मुद्दा नाहीये, कायद्याचा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा माहिती आणि सेवा सर्वांना वापरता आल्या पाहिजेत असं सांगतो, सरकारी साइटसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणं या कायद्यात बसत नाही, बंधनकारक नियम हवेत. ३० एप्रिल २०२५ ला ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात कोर्टाने डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तिथला प्रश्न तर हा होता की ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, करताना पापणी मिटून दाखवा असं स्क्रीन सांगते आणि ज्यांची पापणीच मिटू शकत नाही त्यांचं बँक खातं अडतं. कोणीतरी तो स्क्रीन रेखाटला होता, कोणीतरी तो रेखाटल्याप्रमाणे अचूक बांधला होता, कोणीतरी त्यावर सही केली होती.

त्या सहीकडेच लक्ष द्यायला हवं, कारण माझ्या अनुभवात भांडण सुटतं ते तिथे. ज्याचं टिकेट, म्हणजे दुरुस्तीची नोंद, निघतं ते दुरुस्त होतं. लोगो दोन पिक्सेल खाली आहे याचं टिकेट निघतं, टॅब दाबल्यावर फोकस, म्हणजे आपण पानावर कुठे आहोत ती खूण, कुठे गेला दिसत नाही याचं निघत नाही, उलट फोकसची निळी चौकट वाईट दिसते म्हणून काढून टाका असं टिकेट निघतं. मग डेव्हलपरने कितीही पोटतिडकीने सांगितलं तरी बिल अडकलंय स्क्रीनशॉटवर, तो स्क्रीनशॉटच जुळवणार. म्हणून टेंडरमध्ये, करारात, मंजुरीच्या कागदावर काय लिहिलंय ते बदललं पाहिजे. पान ३६० रुंदीवर बघितलं का. दोनशे टक्के झूम केल्यावर काही कापलं जातंय का. नुसत्या कीबोर्डवर अख्खा फॉर्म भरून झाला का. मराठी पान मराठी वाचणाऱ्या माणसाने, उकार आणि रफार बघत, वाचलं का. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून एकदा ऐकलं का. याच्या जोडीला डिझायनरचे नियमही तितक्याच कडकपणे असावेत, अंतरांची पट्टी, अक्षरांच्या आकारांची चढण, रंगांची यादी, आणि त्यातलं एकही मूल्य डेव्हलपरने मनाने बदललेलं चालणार नाही. पारदर्शक स्क्रीनशॉट मात्र बंद.

मराठी मजकूर पहिल्या दिवशी डिझायनरच्या हातात द्यायला हवा हे तर वेगळं सांगायलाच नको, पण सांगावं लागतं, कारण अजूनही तो शेवटच्या आठवड्यात यंत्राकडून भाषांतर करून येतो. "अर्ज सादर करा" हे सबमिटपेक्षा लांब आहे, "अल्पसंख्याक विकास विभाग" एका ओळीत मावणार नाही, हे आधी कळलं तर चांगला डिझायनर त्यातून छान मार्ग काढतो, दोन ओळींचं बटणसुद्धा सुंदर करता येतं. शेवटी कळलं तर तो फक्त अक्षर बारीक करा एवढंच म्हणू शकतो.

एक गोष्ट आणखी, जिच्याकडे दोन्ही बाजू दुर्लक्ष करतात. बऱ्याच कामांत डिझायनरचे पैसे आणि त्याचं काम दोन्ही फिग्माची फाइल सोपवली की संपतं. पान बांधलं जात असताना तो तिथे नसतो, त्याला विचारायची सोय नसते, त्याला वेळ द्यायचे पैसे नसतात. आपलं काम दुसऱ्याच्या हातात बिघडू नये यासाठी त्याच्याकडे त्या चित्राशिवाय दुसरं साधनच उरत नाही, मग तो चित्राला चिकटून बसतो यात नवल काय. त्याला बांधणी होईपर्यंत कामावर ठेवा, त्या दिवसांचे पैसे द्या, चालू पान त्याच्यासमोर ३६० च्या फोनवर आणि मोठ्या अक्षरात उघडा आणि इथे काय करायचं हे त्यालाच ठरवू द्या. ओळ कुठे तुटावी, उंची वाढली तर शेजारच्या कार्डाचं काय, मराठीत मथळा तीन ओळी झाला तर चित्र लहान करायचं की खाली न्यायचं, हे निर्णय डिझाइनचेच आहेत, आणि आज ते घाईघाईत, रात्री उशिरा, डेव्हलपर एकटा घेतोय.